डोंगरावरचं रान परत आणायचंय? रोप नंतर, आधी विळा

मे महिन्यात माझ्या खानावळीत जेवायला आलात तर मसाल्याच्या फळीवर बघून हात घाला. काळ्या मसाल्याशेजारच्या बरणीत बेहडे असतात, त्याच्या मागं बहाव्याच्या बिया, आणि जुन्या चहाच्या डब्यात खैराच्या. दोन वर्षांमागं ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका पोरानं जेवण झाल्यावर सुपारी समजून बेहडा तोंडात टाकला आणि कडकन चावला. दात वाचला, नशीब. पुढच्या रविवारी तोच पोरगा आमच्याबरोबर डोंगरावर आला. अजून येतो.

मी मूळची साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यातली, म्हणजे घाटावरची. लग्न होऊन कोपरखैरण्याला आले, आता घणसोलीत खानावळ चालवते. आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी. घणसोलीच्या पूर्वेला गवळीदेवाचा डोंगर आहे, पारसिकच्या रांगेतला. त्याच रांगेच्या एका उतारावर आम्ही दहा-बाराजण वनखात्याच्या परवानगीनं रान परत आणायचं काम करतो. शिकलेले वनस्पतीतज्ज्ञ आमच्यात कुणी नाहीत. ठाण्याहून, खारघरहून लोक विचारतात की आमच्याकडच्या टेकडीवर असंच करायचंय, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला जेवण वाढता वाढता सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी आमची फजिती

२०१८ चा जुलै. राज्यात तेव्हा १३ कोटी झाडं लावायची मोहीम चालू होती, सगळीकडं लागवडीचंच वारं. एका कंपनीनं टेम्पोभर रोपं आणली, टी-शर्ट वाटले, फोटो काढले. आम्हीही हौसेनं गेलो. एका सकाळीत १५० खड्डे आणि १५० रोपं. त्यात गुलमोहर, सोनमोहर, बदाम, दहा-वीस कडुलिंब. घरी येऊन मी सगळ्यांना शिरा करून घातला होता.

सप्टेंबरात गवत छातीला लागलं आणि रोपं दिसेनाशी झाली. मार्चमध्ये खालून वणवा आला. जूनमध्ये मोजली तेव्हा नऊ जिवंत होती.

पण खरं वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. डोंगराच्या अंगाला पाडा आहे, तिथल्या एक मावशी लाकडाची मोळी घेऊन उतरत होत्या. आमचे खड्डे बघून थांबल्या. खड्डे घ्यायला आड येत होती म्हणून आम्ही गुडघाभर उंचीची झुडपं खणून बाजूला टाकली होती, त्यांची सुकलेली मुळं अजून तिथंच पडलेली. त्यातलं एक उचलून म्हणाल्या, "अगं बाय, हा ऐन हाय. झाड काढून झाड लावलंत गं तुम्ही."

ते झुडूप नव्हतंच. दरवर्षी जळून, तोडून खुजं राहिलेलं झाड होतं. वर गुडघाभर, आणि खाली माझ्या मनगटाएवढं जाड मूळ, कदाचित माझ्या लग्नाच्याही आधीचं. असं मूळ जमिनीत तयार असेल आणि त्याला चार-पाच वर्षं आग आणि कोयता लागला नाही, तर ते ज्या वेगानं वर येतं तो वेग रोपवाटिकेतल्या रोपाच्या बापाला जमायचा नाही. आमच्याकडचे डोंगर बोडके दिसतात, पण बरेचसे आतून बोडके नसतात. आमचं पुढचं सगळं काम ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

वर्षभर नुसतं बघा

म्हणून सुरुवात जूनमध्ये करू नका. ऑक्टोबरात करा, पाऊस ओसरल्यावर, आणि पहिलं वर्ष हातात फक्त वही ठेवा. महिन्यातून दोनदा त्याच वाटेनं चढा. काय कधी फुलतं, कुठं पाणी मुरतं, गुरं कुठून येतात, आग कुठल्या बाजूनं लागते, हे वहीत घाला. माझी वही म्हणजे खानावळीच्या मेंबरांचा हिशोब लिहायची लांबट लाल वही. डावीकडं नाव, उजवीकडं खाडे. झाडांनाही तीच चालते.

ओळखायला शिका, आणि झाड उंच असताना नाही, गुडघाभर असताना. पळस सोपा, त्याला पानं तीनच. सागाचं कोवळं पान बोटांत चुरडलं की बोटं लाल होतात. खैराला जोडीजोडीनं वाकडे काटे, ते साडी सोडत नाहीत. कुंभ्याची पानं मोठी, टोकाकडं रुंद, आणि गळायच्या आधी लालभडक होतात. ऐन मोठा झाला की साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची होते, पण लहानपणी ही खूण नसते. तेव्हा पान उलटं करायचं. देठाजवळ, मधल्या शिरेवर टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठी दिसतात. पहिल्यांदा मला चष्मा लावूनही दिसल्या नव्हत्या. मावशींनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं, तेव्हा कळल्या. आता अंधारातसुद्धा ऐन ओळखेन.

फोनमधली ॲपं वापरा, पण त्यांच्या भरवशावर काही उपटू नका. पाड्यावरची, गावठाणातली म्हातारी माणसं शोधा आणि त्यांना डोंगरावर घेऊन जा. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि त्यांचा दिवस मोडला तर मजुरी द्या. "सेवा म्हणून या" हे पगारी माणसानं रोजंदारीवाल्याला सांगायचं नसतं.

बघताना एक गोष्ट मनाशी ठेवा, की सगळीकडं झाड हवंच असं नसतं. डोंगरमाथ्यावरचा कातळ, पावसाळ्यात तेरडा आणि सोनकीनं भरणारा गवताळ माळ, हे ओसाड नाही. त्याला तसंच राहू द्या. आणि उतारावर कारवी दिसली तर तण समजून हात लावू नका. ती इथलीच, आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी टाकून मरते. ठाण्याच्या येऊरकडच्या रानात २०१६ ला फुलली होती आणि मग २०२४ ला. २०१६ ला मला कारवी म्हणजे कुडाच्या भिंतीच्या काटक्या एवढंच माहीत होतं. २०२४ ला मात्र खानावळ एक दिवस बंद ठेवून बघायला गेले.

जमीन कुणाची?

हे कंटाळवाणं आहे, पण चुकलं तर सगळं पाण्यात. नवी मुंबईत एकाच डोंगराचा एक तुकडा वनखात्याचा, दुसरा सिडकोचा, तिसरा एमआयडीसीचा असू शकतो. सातबारा काढून बघा, ऑनलाइन निघतो. वनखात्याची जमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावानं साधा मराठीत अर्ज करा. कुठला उतार, किती माणसं, कुठल्या वारी, कुठली हत्यारं, आणि काय करणार नाही तेही लिहा. आम्ही लिहिलं होतं, "बोर्ड लावणार नाही, जाळणार नाही, झाड तोडणार नाही." मला वाटतं, पहिल्या कलमानंच काम झालं. तरी चार खेपा मारल्या. कागदापेक्षा वनरक्षकाची ओळख जास्त कामाला येते, कारण डोंगरावर रोज तोच असतो.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, त्यामुळं बी वेचून आणणं, रोप उपटणं, आपल्या मनानं लावणं, काहीच चालत नाही. उद्यानाच्या परवानगीनं, त्यांच्याच कार्यक्रमात सामील व्हा. आणि शहरात सोसायटीच्या भिंतीलगतचं विदेशी झाडसुद्धा विनापरवाना तोडता येत नाही, महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे.

घाणेरी, रानमोडी आणि उंदीरमारी

वर्ष बघून झालं की पहिलं हत्यार उचलायचं ते तणावर.

घाणेरी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणली, ती आता डोंगर खाऊन बसलीय. वरून छाटली की दुप्पट फुटते. पाऊस पडून माती मऊ झाली की बुंध्याभोवतीची माती वीतभर मोकळी करायची, जिथून फुटवे निघतात त्या गाठीच्या खाली मूळ टिकावानं तोडायचं आणि आख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडं. तसंच वाळतं. फळं धरायच्या आधी काढा. फळं असतील तर ती आधी पोत्यात गोळा करा, नाहीतर बुलबुल त्याची पेरणी करून मोकळे होतात.

पण एकदम सगळी काढू नका! आम्ही एका हंगामात एक मोठा पट्टा साफ केला, खूश झालो, आणि पुढच्या पावसात तिथली माती ओहोळात गेली. शिवाय घाणेरीच्या जाळीत बकऱ्या तोंड घालत नाहीत, म्हणून आत आवळा, आसाणा, धामण अशी रोपं लपून वाढत असतात. आता आम्ही आधी जाळीत वाकून बघतो, आत काय आहे त्याला लाल चिंधी बांधतो, आणि आडवे चार-पाच हातांचे पट्टे सोडून काढतो.

रानमोडीचं बी वाऱ्यावर उडतं. ती थंडीत फुलते, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर, माती ओली असताना, हातानं उपटायची. नवख्या माणसाला द्यायला हे उत्तम काम. अंगाला उग्र वास राहतो, तो दोन दिवस जात नाही, हे आधी सांगून ठेवा.

उंदीरमारीचं, म्हणजे गिरिपुष्पाचं, वेगळं. आपल्याकडच्या डोंगरांवर ही झाडं पूर्वी मुद्दाम लावलेली आहेत, फेब्रुवारीत गुलाबी फुलतात ती. लोक आले की म्हणतात हे विदेशी आहे, तोडा. आम्ही तोडत नाही. परवानगी नाही हे झालंच, पण तिच्या सावलीत माती गार राहते आणि पाला नत्राचा असतो. तिच्याखाली करंज, बेहडा, कोशिंब लावतो. ती मुलं मोठी झाली की आईचं काय करायचं ते वनखातं ठरवेल.

फुटवे विरळायचे

तोडलेल्या बुंध्यातून आठ-दहा धुमारे एकदम येतात आणि एकमेकांच्या उरावर बसतात. त्यातले दोन, फार तर तीन ठेवायचे. सरळ, जमिनीलगत निघालेले, आणि एकमेकांपासून लांब. बाकीचे धारदार कोयत्यानं तिरके कापायचे, पाऊस यायच्या आधी. मेथीची जुडी निवडता येते त्याला हे काम येतं. वनरक्षकाला बरोबर घेऊनच करा, नाहीतर कोयता हातात आणि शेजारी तोडलेला ढीग, कुणालाही चोरीच वाटेल.

आमच्या उतारावर अशी आपसूक आलेली ११२ झाडं वहीत आहेत. एकही आम्ही लावलेलं नाही. आम्ही फक्त आडवे आलो नाही.

वणवा

आपल्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण तो सगळा चार महिन्यांत. गवत तरारून पुरुषभर वाढतं, आणि डिसेंबरानंतर तेच गवत म्हणजे पसरून ठेवलेलं रॉकेल. वीज पडून लागलेली आग मी आजवर पाहिली नाही. बिडी, पार्टीची चूल, पेटवलेला कचरा, किंवा पुढच्या साली गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम लावलेली काडी. आगीनं मोठं झाड सहसा मरत नाही, पण दोन वर्षांचं पोर मरतं, किंवा परत शून्यावर येतं. दरवर्षी शून्यावर.

म्हणून डिसेंबर आणि जानेवारी हे आमचे खरे महिने. पहाटेच्या दवात गवत कापायला सोपं जातं. खालच्या वाटेकडून आणि पाड्याच्या बाजूनं दहा-पंधरा फूट रुंद पट्टा कापून गवत उचलून न्यायचं. कापून तिथंच टाकलंत तर काही उपयोग नाही. ते आम्ही म्हशीवाल्यांना देतो. खातं जाळरेषा काढतं तेव्हा त्यांची माणसं पट्टा जाळतात, ते त्यांचं काम, आपण काडी लावायची नाही. शिवाय प्रत्येक रोपाभोवती हातभर गोल मोकळा.

इथं एक चूक सांगते. पुस्तकात वाचून आम्ही रोपांच्या बुडाशी वाळक्या गवताचं जाड आच्छादन घातलं होतं, ओल टिकावी म्हणून. वणव्यात प्रत्येक रोपाच्या पायाशी आपणच शेकोटी रचून दिल्यासारखं झालं. आता आच्छादन दगडांचं. मूठ-दोन मूठ आकाराचे दगड रोपाभोवती थापायचे. ओल धरतात, गवत दाबतात, जळत नाहीत, आणि आपल्या डोंगरावर फुकट आहेत. उन्हाळ्यात असा दगड उचलला तर खालची माती बोटाला चक्क गार लागते. दगड उचलताना मात्र आधी काठीनं हलवा, खाली फुरसं असू शकतं.

आग लागलेली दिसली तर हिरोगिरी नको. १९२६ हा वनखात्याचा नंबर, आणि १०१. वाऱ्याच्या दिशेला, चढाच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहायचं नाही.

बी, रोप आणि नेलकटर

एवढं सगळं झालं, तरी उतारावर काही जागा अशा असतात जिथं खाली मूळ नाही, आसपास बी टाकणारं झाड नाही. जुन्या खाणीकडचा भाग, खरवडलेला उतार. तिथं लावायचं. बी शक्य तितकं जवळचं घ्या. मी पहिल्या वर्षी माहेरून पिशवीभर बिया आणल्या होत्या, आमच्या रानातल्या. वनपाल म्हणाले, "ताई, घाटावरचं घाटावर राहू दे." मला लागलं ते. मी स्वतः घाटावरची, मला इथं कुणी उपटलं नाही. पण त्यांचं बरोबर होतं. तिकडचं झाड तिकडच्या थंडीला आणि धुक्याला सरावलेलं, त्याला इथल्या मे महिन्यात का आणायचं?

बी कुठलं कधी, हे वहीतून. खैराच्या शेंगा थंडीत. बेहडा जानेवारीच्या आसपास झाडाखाली सडा पडतो. ऐनाची पंखांची फळं उन्हाळा लागताना. शिवण आणि काटेसावर एप्रिल-मे, सावरीचा कापूस उडायच्या आत बोंडं गाठायची. पळसाच्या चपट्या शेंगा मेमध्ये. मोहाचं बी पावसाच्या तोंडावर पडतं आणि ते साठवायचं नाही, पंधरवडा गेला की जीव जातो, त्याच आठवड्यात मातीत. झाडाखाली पडलेल्यातलं थोडंच उचला, बाकीच्यावर दुसऱ्यांचा हक्क आहे. आणि बिब्ब्याला हात लावू नका. मी लावला. बिब्बा उतला, तोंड भोपळ्याएवढं झालं, सासूबाईंनी खोबरं चारलं, आणि आठवडाभर खानावळीत पोळ्या लाटायला यांनाच उभं राहावं लागलं. त्या आठवड्यात दोन मेंबर कमी झाले.

बहाव्याचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळे तिथंच अडतात. शेंग हातभर, काळी, हलवली की खुळखुळते. खलबत्त्याच्या दांड्यानं फोडायची. आत नाण्यांची चवड लावावी तसे कप्पे, प्रत्येक कप्प्यात चिकट काळा गर आणि एक तपकिरी, तुळतुळीत बी. गर धुऊन काढा. आता हे बी तसंच पेरलं तर वर्षभर ढिम्म हलत नाही, कारण त्याचं कवच पाणीच आत घेत नाही. रानात ते काम कोल्ह्या-माकडांच्या पोटात होतं. आपल्याकडं नेलकटर आहे. बीच्या ज्या टोकाला ते शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडून, विरुद्ध बाजूनं कवचाचा अगदी बारीक टवका काढायचा, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत, त्याच्या आत नाही. मग रात्रभर पाण्यात. सकाळी मटकीसारखी टम्म फुगलेली पेरायची. जी फुगली नाहीत त्यांना परत टवका. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की मी, माझी सून आणि भांडी घासायला येणारी वैनी असे शंभर-दीडशे टवके काढतो आणि मालिकेतल्या बायकांना नावं ठेवतो.

ज्यांचं सोटमूळ खोल जातं, पळस, बेहडा, खैर, त्यांचं रोप पिशवीत जास्त दिवस ठेवलं की मूळ तळाशी गोल फिरतं आणि मग आयुष्यभर पाय धरत नाही. हे शक्यतो जागेवरच टोकतो. कुदळीच्या टोकानं भोक, दोन बिया, बीच्या जाडीच्या दुप्पट माती. काही उंदीर-डुकरं खातातच, म्हणून जास्त टोकायच्या. पांगारा, उंबर, सावर यांची मनगटाएवढी फांदीही लागते. सीड बॉलचं, म्हणजे आत बी घालून वळलेल्या मातीच्या गोळ्यांचं, मला फारसं कौतुक नाही. पोरांना मजा येते, पण आमच्या कोरड्या उतारावर फेकलेले गोळे आम्ही नंतर शोधले तेव्हा बहुतेक विटांसारखे भाजलेले निघाले.

मियावाकी करा असंही कुणीतरी सांगतंच. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञाची ती पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं. शहरातल्या मोकळ्या प्लॉटला, नळाचं पाणी असेल तर, ठीक असेल. आमचं रान पानगळीचं, मधे गवत, मधे ऊन. तिथं एवढी दाटी मला पटत नाही.

खड्डे मेमध्ये, दीड फुटाचे. लावायचं जूनच्या शेवटी ते मध्य जुलै, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजल्यावर. ओळीत लावू नका, ही परेड नाही. उताराच्या खालच्या बाजूनं अर्धचंद्रासारखा दगड-मातीचा बांध घाला, म्हणजे पाणी रोपापाशी थांबतं. पिशवी फाडून काढा. हसू नका, एकदा कॉलेजच्या पोरांनी तीस रोपं पिशवीसकट पुरली होती. तेव्हापासून नियम, जेवढी रोपं वर गेली तेवढ्या रिकाम्या पिशव्या मोजून खाली यायला हव्यात.

आणि किती लावायची? पाण्याचा हिशोब करा, आकडा आपोआप खाली येतो. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला दोन लिटर धरलं तर शंभर रोपांना दोनशे लिटर, डोक्यावरून, चढावर, एप्रिलच्या उन्हात. आमचे हे मार्केटात ५० किलोचं पोतं पाठीवर घेतात, तेसुद्धा तिसऱ्या आठवड्याला म्हणाले, "तुझं रान तुलाच लखलाभ." आम्ही आता वर्षाला ४० च्या वर जात नाही. २०२१ ला लावलेल्या ४० पैकी तीन उन्हाळे काढून २७ उभी राहिली.

माणसं

नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी रोप लावायला देऊ नका. फोटो काढतो आणि जातो. त्याला गवत कापायला द्या. तिसऱ्या रविवारी जो परत येतो तो आपला. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, त्यापुढं ऊन माणसाला चिडचिडं करतं. पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, दोन लिटर पाणी, आणि अत्तर-बित्तर नको, आग्या मधमाश्यांना ते आवडत नाही. सर्पदंशाचं औषध जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे आधी विचारून ठेवा. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ तिकडं पळवायचं. पावसाळ्यात ओहोळ आणि धबधब्याच्या बाजूला काम बंद.

बकऱ्यांसाठी रोपाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण लावतो. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे बकरीवाल्याशी बोलणं. आमच्याकडं दोन दादा बकऱ्या घेऊन येतात. त्यांना नव्या पट्ट्याची हद्द दाखवली आणि म्हणलं, बाकीचा डोंगर तुमचाच आहे. आता आग दिसली की पहिला फोन त्यांचाच येतो.

आणि वही. प्रत्येक झाडाला नंबर. पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचं बूड कापून त्याच्या बोटभर पट्ट्या करते, बॉलपेन दाबून नंबर लिहिते. शाई दोन पावसात जाते, पण दाबलेला आकडा राहतो. पट्टीला भोक पाडून तारेनं बाजूच्या काठीला अडकवायची. झाडाला खिळा मारायचा नाही. वर्षातून दोनदा मोजायचं, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, आणि मेलेल्यापुढं कारण लिहायचं. आग, बकरी, वाळवी, पाणी, "कळलं नाही". खानावळीत जसे खाडे लिहिते, तसेच. कारणांचा रकाना भरला की पुढच्या वर्षी काय करायचं ते तोच सांगतो.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर पाणी बंद करा आणि पट्टी काढून घ्या. आमच्या १४ नंबरच्या बहाव्याची काठी मोडली म्हणून कुणीतरी तार थेट खोडालाच गुंडाळली होती, आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मागच्या ऑक्टोबरात बघितलं तर साल तारेवरून वाढून तार अर्धी गिळलेली. पकडीनं दोन जागी तोडून, थोडं थोडं करत ओढून काढली. डिंक आला होता. तेव्हापासून मोजणीला जाताना पिशवीत पकड असते.